असली काच

लोक घरी वेल्डिंगचं सामान मांडतात ते हौस म्हणून, नाहीतर पोटासाठी. मी मांडलं ते खुन्नस म्हणून. उगाच गोड कशाला बोलायचं? आर्गनचा पहिला सिलिंडर टेम्पोतून उतरवून कासारसाईच्या आमच्या रिकाम्या गोठ्यात उभा केला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ना कुठलं गेट होतं, ना रेलिंग. एकच तोंड होतं, आबांच्या शेठचं.

आबा म्हणजे माझे वडील. हिंजवडीच्या रस्त्याला शेठचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, तिथे ते बावीस वर्षं वेल्डर होते. सूसला शेतं जाऊन सोसायट्या उठल्या, तेव्हा त्यांतली निम्मी गेटं आबांनी जोडली. प्रत्येक गेटाच्या कोपऱ्यात पत्र्याची एक पट्टी असते, तिच्यावर शेठचं नाव. आजही स्कूटरवरून सूसमधून जाताना त्या पट्ट्या दिसतात आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. घाम आमच्या आबांचा आणि मिरवणार कोण, तर हा.

आबा कामाला लागले तेव्हा दुकानात डोळ्यांपुढे धरायची काच नव्हतीच. रॉड टेकवायचा, तोंड फिरवायचं आणि अंदाजाने टाका मारायचा, अशी सगळी तऱ्हा. घरी आले की डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग व्हायची. आमच्याकडे त्याला 'डोळे लागले' म्हणतात आणि त्यावर औषध एकच, बटाट्याच्या चकत्या. आई बटाटा चिरायची, आबा पडवीत आडवे व्हायचे आणि मी त्यांच्या डोळ्यांवर चकत्या ठेवायचे. गरम झाल्या की बदलायच्या. आमच्या घरात बटाट्याची भाजी कमी आणि चकत्या जास्त झाल्या असतील. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांना असं करतात.

आबांनी काच मागितली की शेठ चारचौघांत म्हणायचा, "तोंड झाकायला तू काय नवरी हायेस का?" सगळे हसायचे, आबाही हसायचे. खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस. शेठ स्वतः मात्र दुकानात पाऊल टाकायच्या आधी गॉगल चढवायचा. तो कुठला नवरदेव लागून गेला होता, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

एकदा डोळे फारच सुजले आणि आबांनी आठ दिवस खाडा केला, तेव्हा कुठे शेठने काच आणली. हातात धरायचा फायबरचा मुखवटा, मधे काळीकुट्ट काच. आबांनी विचारलं, असली हाय का? शेठ म्हणाला, असलीच हाय. आबांनी विश्वास ठेवला आणि पुढची पंधरा वर्षं त्या काचेतून सरळ ठिणगीकडे बघत राहिले. आधी निदान तोंड तरी फिरवत होते.

मग त्यांना समोरच्याचं नाकतोंड दिसेनासं झालं. कडेचं दिसायचं, मधलं पुसलं जायचं. डॉक्टर म्हणाले, पडदा मधोमध भाजलाय, आता चष्म्याने काही व्हायचं नाही. आबांनी ते शेठच्या कानावर घातलं, तर तो म्हणाला, तसेही तुझे टाके वाकडे पडायला लागलेत, घरी बस. आणि इतर पोरांना सांगितलं की मी काच दिली होती, हाच वापरत नसेल. चोराच्या उलट्या बोंबा.

मी तेव्हा पिरंगुटला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत वेल्डिंगच्या लाइनवर नवीनच लागले होते. सासर सोडून परत आले होते. त्याचाही राग आहे मला, पण तो वेगळा, तो आज काढत नाही. कंपनीत पहिले तीन दिवस नुसतं शिकवतात. तिथल्या सरांनी एक काच माझ्या हातात दिली आणि सांगितलं, काळी दिसते म्हणजे राखते असं नाही. खऱ्या काचेवर कोपऱ्यात नंबर कोरलेला असतो, नख फिरवलं तरी हाताला लागतो. नंबर नसला तर तो बाटलीचा तुकडा समजायचा. त्याने नुसता अंधार होतो, अंधार झाला म्हणून डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि जे आत जायला नको तेच जास्त आत जातं. मी सगळ्यांबरोबर मान डोलावली. 

घरी आल्याआल्या माळ्यावरून आबांचा मुखवटा काढला. काचेच्या चारही कोपऱ्यांवर नख फिरवलं. गुळगुळीत. आबांच्या हातात देऊन नंबराचं सांगितलं. त्यांनीही नख फिरवलं, पुन्हा पुन्हा फिरवलं, मग मुखवटा मांडीवर ठेवून म्हणाले की शेठला बी कुणीतरी फसवलं असेल. ऐकून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. डोळे गेले आणि वर हा माणूस शेठचीच बाजू सावरतोय. मी तो मुखवटा गोठ्यातल्या खांबाला खिळा ठोकून लावला, येताजाता दिसेल असा. शेठला हे एकदा कळलं पाहिजे, डोळ्यांत कळलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कसं कळवायचं ते ठरत नव्हतं.

ते रिसॉर्टने ठरवलं. मुळशी धरणाच्या काठाला आता रिसॉर्टं झालीत, त्यांना पाण्याकडे तोंड करून स्टीलचं चकचकीत रेलिंग लागतं. स्टील जोडताना वितळलेल्या जागेला हवा लागली की सांधा काळा पडतो आणि दोन पावसाळ्यांत गंजतो. आर्गन गॅस तेवढ्या जागेवर पांघरूण घालतो, हवेला शिवू देत नाही. शेठने एका रिसॉर्टच्या कामात गॅस वाचवला, सांधे गंजले आणि तिथला मॅनेजर दुसरा माणूस शोधत होता. कंपनीत ही बातमी माझ्या कानावर आली. म्हटलं, नाक इथेच कापायचं.

सुट्टीच्या दिवसांत गोठा तयार केला. म्हशी विकून चार वर्षं झाली होती, पण गव्हाणीजवळची कडी आणि साखळी तशीच होती. त्याच साखळीने सिलिंडर खांबाला बांधला. तो आडवा पडून वरचा नळ तुटला तर भिंत फोडून जाईल अशी त्याच्यात ताकद असते. म्हैस निदान हंबरते तरी. गॅसला वारा चालत नाही आणि कोंडलेली खोलीही चालत नाही, असं ते दुखणं. कासारसाईच्या धरणावरून येणारा वारा थेट गोठ्यात घुसायचा, म्हणून त्या अंगाला पत्रे उभे केले. आर्गन हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो आणि माणसाला पत्ता न लागता गुदमरवतो, म्हणून मागच्या भिंतीला खाली, शेणपाणी जायच्या मोरीपाशी, दोन विटा काढल्या. आबांची बसायची गोणी जमिनीवर होती, ती उचलली आणि त्यांना खुर्ची दिली. वाळूची बादली दारात. पेंढ्याची काडी न् काडी बाहेर.

अंगात आबांचे जुने सुती शर्ट, कारण पॉलिस्टर पेटलं तर कातड्याला चिकटतं. चामड्याचा एप्रन, कोपरापर्यंतचे हातमोजे, जाड बूट, केस रुमालात घट्ट बांधलेले. माझं हेल्मेट ठिणगी पडताच आपोआप काळं होणारं. आई म्हणाली की हे चिलखत घालून कुठल्या लढाईला चाललीस? मी म्हटलं, शेठच्या. तिने कडाकडा बोटं मोडली. आई माझ्याच बाजूची.

आबांसाठी वेगळं हेल्मेट आणलं, साधं, नंबराच्या काचेचं. त्यांना गोठ्यात बसायचं होतं आणि जेवढी नजर कडेला उरली होती तेवढी तरी राखायची होती. हातात देऊन म्हटलं, असलीच आहे, नख फिरवून बघा. आबांनी बघितलं नाही, सरळ डोक्यावर चढवलं. "तू आनलीस न्हवं?" म्हणाले, "मंग बघायचं काय त्येच्यात?"

मॅनेजरने आधी नमुना मागितला. रेलिंगचा एक कोपरा, चार सांधे. दसऱ्यानंतर दोन दिवसांत पाहिजे म्हणाला. मधे खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. विळा, कोयता, पहार आणि यंदा माझं सगळं सामान. सिलिंडरवरचा रेग्युलेटर, म्हणजे गॅस मोजून सोडणारं पितळी यंत्र, मी सोडवून पाटावर मांडलं. आईने वाटीत कुंकू कालवलं आणि हात सढळ सोडला. सिलिंडरच्या गळ्याला, त्याच्या तोंडाला, रेग्युलेटरच्या तोंडाला. वरून नारळाचं पाणी शिंपडलं. मी हात जोडले आणि जे मागायचं ते मागितलं. लोक बरकत मागतात, मी शेठचं वाटोळं मागितलं.

कंपनीत रेग्युलेटर लावायच्या आधी गॅसवाला सिलिंडरची चावी पळभर उघडतो आणि बंद करतो. फस्सकन गॅस सुटतो, तोंडात बसलेली धूळ उडून जाते. आम्ही त्याला 'शिंक' म्हणतो. शिंक काढल्याशिवाय रेग्युलेटरला हात लावायचा नाही, हे मी दुसऱ्यांना शिकवलेलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी चावीला हात घातला, तर आई दारातून म्हणाली की पूजेचं कुंकू असं उडवतात का, सवाष्णीच्या घरात? आणि मी हात मागे घेतला. आईला कशाला नाव ठेवू? मलाच ते उडवायचं नव्हतं. त्या कुंकवात माझं मागणं होतं. मी तसाच रेग्युलेटर चढवून पान्याने आवळला.

पहिला सांधा काळा. दुसरा काळा आणि वर जाळी पडलेली. घावनाला जाळी पडावी, सांध्याला नाही. गॅस किती येतोय ते दाखवणारी गोळी काचेच्या नळीत नुसती थरथरत होती. टॉर्च म्हणजे ठिणगी पाडणारी मूठ, तिच्यातली टंगस्टनची सुई घासली, बदलली. गॅस वाढवला. तिसराही तसाच. डोक्यात एकदम उजेड पडला, म्हणजे मला तेव्हा तो उजेडच वाटला. ज्याच्याकडून मी गॅस आणला त्याच्याकडूनच शेठही नेतो. शेठने त्याला सांगून मला पाणी मारलेला, भेसळीचा सिलिंडर द्यायला लावला. दुसरं काय असणार?

काळा नमुना पिशवीत टाकला आणि स्कूटर घोटवड्यावरून पिरंगुटला हाणली. गॅसवाले काका म्हातारे, शांत. त्यांच्या टेबलावर नमुना आपटून मी तोंडाला येईल ते बोलले. शेठचे चमचे, लबाड, गरिबाच्या पोरीच्या पोटावर पाय देणारे. बाहेर टेम्पोवाले काम टाकून ऐकत उभे राहिले. काकांनी सगळं ऐकून घेतलं, नमुना उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, सिलिंडर आणा, तुमच्यासमोर लावून दाखवतो, पण आधी घरी जाऊन रेग्युलेटर उघडा. मग जरा थांबून विचारलं, "ताई, त्या शेठला तुम्ही कोण ते तरी माहीत आहे का?"

ते वाक्य मला फार लागलं. कारण नव्हतंच माहीत. मी इकडे रात्रंदिवस ज्याचं नाव घेत जळत होते, त्याच्या लेखी मी मुळात नव्हतेच.

घरी आले तर आबा खुर्चीत बसून होते. म्हणाले, जरा सुरू कर, ऐकू दे. त्या माणसाने जन्मात गॅसच्या कामाला हात लावलेला नव्हता, सगळी हयात रॉडवर गेलेली. मी गॅस सोडला. मान कलती करून त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "पोरी, ह्येचा घसा धरलाय. पूजेच्या आदी सरळ यायचा, आता अडकत येतोय."

रेग्युलेटर सोडवला. आतली बारीक पितळी जाळी लालभडक, ओल्या कुंकवाने लिंपलेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नवीन जाळीसाठी पुन्हा त्याच काकांकडे खाली मान घालून जावं लागलं. त्यांनी जाळी दिली, चहाही दिला आणि एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त झोंबलं. परत येऊन सिलिंडरची शिंक काढली. उरलेलं कुंकू उडून माझ्या शर्टावर आलं आणि आईने तोंड फिरवलं.

शहाणी असते तर मला तिथेच काहीतरी उमगलं असतं. शेठ शेठ करत मी स्वतःच्या नाकासमोरची चूक बघितली नव्हती, आणि ती दाखवली कुणी, तर ज्याला दिसत नाही त्याने. पण नाही उमगलं. नमुना झाला, सांधा सोन्यासारखा पिवळसर आला, मॅनेजरने काम दिलं आणि मी पुन्हा हवेत. रेलिंगच्या पहिल्या खांबावर मी पट्टी लावली. तिच्यावर आबांचं पूर्ण नाव आणि खाली गावाचं. फोन नंबर माझा.

त्या पट्टीने शेठला आणलं. रिसॉर्टवर कुणाकडून तरी त्याने नाव ऐकलं आणि एका दुपारी त्याची गाडी आमच्या अंगणात उभी राहिली. मी गोठ्यात रेलिंगचा मोठा कोपरा मांडून बसले होते, आबा हेल्मेट घालून खुर्चीत. शेठ दारात आला, गॉगल डोक्यावर सरकवलेला. इतकी वर्षं मी याच घडीची वाट बघितली होती. तो हसत होता. आबांना म्हणाला, नाव काढलंस की, शेवटी शिकलास माझ्याकडंच. मग मला म्हणाला की हे गोठ्यातलं काम खरं नव्हे, माझ्याकडे ये, तुला स्टीलचं सगळं काम देतो, मान देतो. खांबावरच्या मुखवट्यावर त्याची नजर गेली आणि तशीच पुढे सरकली. त्याने तो ओळखलासुद्धा नाही.

तेव्हाच मी ठरवलं. खोटं सांगणार नाही, अगदी थंड डोक्याने ठरवलं. माझं दुसरं, कंपनीतलं हेल्मेट तिथेच खुंटीला टांगलेलं होतं, हात लांबवला असता तर देता आलं असतं. मी दिलं नाही. म्हटलं, काम आधी बघा शेठ, मग बोलू. जवळून बघा, लांबून सांध्याचा रंग कळत नाही. एक डबा उपडा करून त्याला बसायला दिला, माझ्यापासून हातभर लांब. त्याने डोक्यावरचा गॉगल खाली डोळ्यांवर घेतला. कडेने उघडा, फॅशनचा गॉगल. रॉडच्या ठिणगीपुढेही तो टिकला नसता, आणि आर्गनचा उजेड त्याहून वाईट. खालून चकचकीत स्टील तोच उजेड वर फेकतं. मला हे सगळं माहीत होतं. शिकवलेलं होतं मला.

आबांनी आमचं बोलणं ऐकलं होतं. हेल्मेटच्या आत त्यांना सगळा अंधार, दिसत काहीच नव्हतं. त्यांनी तिथूनच विचारलं, "पोरी, शेठच्या डोळ्याला काच हाय का?"

मी म्हटलं, "हाय, आबा."

"असली?"

"असलीच हाय."

शेठला वाटलं, त्याच्या गॉगलचं चाललंय. त्याने बोटाने गॉगलवर टिचकी मारली आणि म्हणाला की भारीतला हाय, पोराने बाहेरून आणलाय. आबांची मान हलली. त्यांचं समाधान झालं. मी हेल्मेट खाली घेतलं आणि टॉर्चचं बटण दाबलं.

चार सांधे केले. घाई केली नाही. एक सांधा तर चांगला असून पुन्हा केला. मधेमधे विचारत होते, दिसतंय ना शेठ? तो म्हणत होता, लई झ्याक. निघताना त्याने डोळे चोळले, धूळ लई हाय म्हणाला, आणि माझ्या उत्तराची दोन दिवस वाट बघतो म्हणून गाडीत बसला. मी त्या दिवशी पोटभर जेवले.

सकाळी उठून कोपऱ्यातल्या पाटीतले चांगले मोठे बटाटे निवडून पिशवीत भरले आणि कामावर जाताना शेठच्या दुकानापाशी थांबले. तो आतल्या खुर्चीत ओलं फडकं डोळ्यांवर धरून बसला होता. तोंड उन्हात भाजल्यासारखं लाल, पापण्या सुजून टम्म. पाण्याच्या धारा लागलेल्या. आवाजावरून त्याने मला ओळखलं नाही, मग मी सांगितलं कुणाची मुलगी ते. पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. "बटाटे आहेत शेठ," मी म्हटलं. "चकत्या करून डोळ्यांवर ठेवा. आबा बावीस वर्षं ठेवत होते." पोरं काम थांबवून बघत होती. शेठने फडकं काढलं, डोळे उघडायचा प्रयत्न केला आणि उघडले नाहीत. मग दाराजवळ जाऊन मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, तोंड झाकलं असतं तर काय नवरी झाला असतात? कुणी हसलं नाही. मला हवं होतं त्यातलं तेवढंच राहिलं.

दिवसभर कंपनीत मी हवेत होते. घरी आले तर आई पाटी उलटी करून विचारत होती, यातले बटाटे कुठे गेले, भाजी कशाची करू? मला राहवलं नाही. आबा पडवीत बसले होते, त्यांच्या देखत सगळं सांगितलं. डबा, गॉगल, चार सांधे, पुन्हा केलेला सांधा, पिशवी. आई तोंडाला पदर लावून हसली, मग टाळी वाजवून म्हणाली, बरं झालं मेल्याचं. मी आबांकडे बघितलं. मला वाटत होतं, त्यांनी निदान एकदा तरी म्हणावं, बरं केलंस.

आबा म्हणाले, "मी तुला इचारलं व्हतं."

मी उलटी पाटी सरळ करायला घेतली.

"त्यो बी आसंच म्हनला व्हता. ह्येच शब्द." आणि उठून, भिंत चाचपत आत गेले.

शेठचे डोळे दोन दिवसांत बरे झाले. तो पुन्हा गॉगल घालून दुकानात बसतो, सूसच्या गेटांवर त्याच्या पट्ट्या आहेत तशाच आहेत. आबांसारखा त्याचा पडदा काही भाजला नाही, तेवढ्याने भाजत नाही. पस्तावले का म्हणाल, तर शेठपुरती नाही. त्याला अजून दोन सांधे होईपर्यंत बसवून ठेवायला हवं होतं असं मला कधीकधी आजही वाटतं. माणसाने स्वतःला फसवू नये.

आबा आठ दिवस गोठ्यात आले नाहीत. नवव्या दिवशी आले. रेलिंगचा शेवटचा तुकडा राहिला होता. खुर्ची चाचपून बसले, हात पुढे केला, मी त्यांचं हेल्मेट त्यांच्या हातात दिलं. नेहमीचंच, त्यांचंच, मी आणलेलं. त्यांनी ते डोक्यावर घातलं नाही. मांडीवर उलटं धरलं, अंगठ्याने काचेचा कोपरा शोधला आणि नख फिरवलं. नंबर लागेपर्यंत हळूहळू फिरवलं. मी म्हटलं, आबा, असलीच आहे. ते म्हणाले, व्हय.

आता रोज तसंच करतात. मी हेल्मेट देते, ते नख फिरवून बघतात, मग घालतात. मी काम सुरू करायच्या आधी थांबते.